कितीची हवा?

पत्र: आम्ही नाशिकचे. मी ४९, मिस्टर ५३, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी थार घेतल्यापासून मिस्टरांचा पावसाळ्यातला प्रत्येक रविवार इगतपुरी-त्र्यंबकच्या चिखलात जातो. आता मे महिन्यात नामिबियाला जाऊन, टपावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्याने घेऊन, बारा दिवस वाळवंटात फिरायचं त्यांनी नक्की केलंय. बेत असा: विंडहूकला उतरायचं, खाली फिश रिव्हर कॅन्यन, मग सोसुसफ्लेचे लाल डोंगर, स्वाकोपमुंड, वर अंगोलाच्या सीमेवरचा एपुपा धबधबा, एटोशाचे प्राणी आणि परत. मला वाळूची फार धास्ती वाटते. गाडी रुतली आणि आसपास कुणीच नसलं तर? मी वॅगन आर चालवते, पण हे म्हणतात, "तू नुसती बस आणि फोटो काढ." इन्शुरन्स 'फुल' घेणार आहेत म्हणे. दादा, काय बघायचं, काय विचारायचं ते सांगा. त्यांना न सांगता लिहितेय.

उत्तर:

ताई, न सांगता लिहिलंत ते ठीक, पण हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यातला बराचसा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आधी तुमच्या धास्तीचं बघू. ती खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी बसलीये. तुमच्या अख्ख्या बेतात चाक बुडेल अशी वाळू येते सोसुसफ्लेला, शेवटचे पाच किलोमीटर. सेसरीमला तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे, त्या फाटकापासून साठ किलोमीटर चक्क डांबर आहे, मग वाहनतळ, आणि तिथून पुढे फक्त फोर बाय फोरसाठीची ही पाच किलोमीटर वाळू. तिथे रुतलात तरी घाबरायचं काही नाही. दिवसभर गाड्या ये-जा करतात, कुणी ना कुणी हात लावतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांना ने-आण करणाऱ्या गाड्याही तिथेच उभ्या असतात. वाळूत गाडी थांबते, तुमचा तासभर जातो, थोडी शोभा होते. एवढंच.

नामिबियात पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या खडीच्या रस्त्यावर. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यात, समोरून कुणी येत नसताना.

तिथले मोजके हमरस्ते डांबरी, बाकी बहुतेक सगळं जाळं खडीचं. नकाशात ज्यांच्या नंबराआधी सी किंवा डी असतं, त्यातले बहुतेक हेच. रुंद, रिकामे, नजर पोचेल तिथवर सरळ. शंभरची कायदेशीर मर्यादा आहे आणि गाडीला शंभर सहज जमतात, मोह होतोच. पण टायरखाली रस्ता नसतो, सुटी खडी असते. साबुदाण्यावर चप्पल घालून पळाल्यासारखं. सरळ पळालात तर पळाल, वळायला किंवा थांबायला गेलात की संपलं.

माझंच सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी ऐंशी-पंच्याऐंशीने चाललो होतो. डावीकडून दोन शहामृगं रस्त्याच्या कडेला आली. आली म्हणजे नुसती उभी राहिली, आडवीसुद्धा झाली नाहीत. पण माझा पाय सवयीने ब्रेकवर गेला. गाडीचं मागचं अंग आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि मग आम्ही पूर्ण फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभे. इंजिन बंद. बायकोच्या मांडीवरचा चिवडा डॅशबोर्डवर. आमचीच धूळ मागून सावकाश आली, आमच्यावरून पुढे गेली. शहामृगं तिथेच. खाली उतरून हवा बघितली तर चारही चाकांत डांबरी रस्त्याची, २.४ बार. सकाळी निघताना मी ती कमी करणार होतो. आळस केला.

तर हवा. नाशिकच्या पंपावर पोरगा विचारतो, "साहेब, कितीची हवा?" आपण म्हणतो, "तेहतीस," आणि वर्षभर तेहतीसच चालते. तिथे हा प्रश्न रोज, कधी दिवसातून तीनदा स्वतःलाच विचारायचा. साधारण हिशेब असा: डांबरावर २.२ ते २.४ बार, म्हणजे आपले ३२ ते ३५. खडीवर १.८, म्हणजे २६ च्या आसपास. वाळूत १.२ किंवा त्याहूनही थोडी कमी, म्हणजे १५ ते १८. गाडी देणारे त्यांच्या टायरप्रमाणे आकडे सांगतील, ते लिहून घ्या, तेच खरे. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. चालून तापलेल्या टायरचा आकडा वर चढलेला असतो, तो बघून फसायला होतं.

कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो. खडीवर पकड धरतो, टोकदार दगड आला तर दबून त्याला गिळतो, हवा भरून टणक झालेला टायर मात्र फाटतो. वाळूत तर हाच सगळा खेळ. मिस्टर म्हणतील फोर बाय फोर आहे ना. त्यांना सांगा, पूर्ण हवेची फोर बाय फोर चार चाकांनी खड्डा खणते.

आणि हे त्यांच्या चिखलातल्या अनुभवाचं. तो अनुभव चांगलाच, गाडीचा अंदाज येतो, नाकारत नाही. पण चिखलात चाक थोडं फिरवत ठेवलं तर खाचांमधला गाळ उडतो आणि चाक पुन्हा पकड धरतं, म्हणून तिथे ॲक्सिलेटर दाबून ठेवायची सवय लागते. वाळूत नेमकं तेच घातक. चाक जागच्या जागी फिरलं की दर सेकंदाला गाडी बोटभर खाली. गाडीचा वेग पडतोय, इंजिन रडतंय आणि पुढे सरकत नाहीये, हे कळल्याक्षणी पाय उचलायचा. लगेच. मग रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून मागे, कारण ती वाळू आधीच दाबली गेलेली असते. मागेही येईना तर उतरा, चाकांच्या पुढची-मागची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी थोडी सोडा, पुन्हा प्रयत्न. वाळूत थांबायचं असेल तर ब्रेक मारायचा नाही, गाडीला आपोआप थांबू द्यायचं, आणि जमलं तर तोंड उताराकडे. फोर बाय फोर वाळूच्या आधी टाकायचं, रुतल्यावर नाही. खडीवरसुद्धा फोर हायमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये ठेवा, गाडी स्थिर चालते. डांबर लागलं की मात्र काढायचं, नाहीतर गिअरची यंत्रणा आवळते आणि बिल तुमच्या नावावर.

खडीवरचे नियम थोडे आहेत. ऐंशीच्या वर नाही, सत्तर उत्तम. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत वेगाची नोंद करणारं यंत्र असतं, ऐंशीच्या वर गेल्याची नोंद सापडली तर इन्शुरन्स हात वर करतो. मागचं अंग घसरलं तर ब्रेक नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही, फक्त ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा. प्राणी आडवा आला तर शक्यतो सरळ रेषेतच वेग कमी करायचा. रस्त्याच्या चढाच्या माथ्यावर डावी बाजू सोडायची नाही, कारण सगळेच मधल्या गुळगुळीत चाकोरीतून येत असतात. बरं, गाड्या तिथे आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढं एक सुख. आणि पुढच्या गाडीच्या धुळीत शिरायचं नाही. थांबा, चहा प्या, धूळ बसू द्या.

आता बेताकडे. ताई, तो कागद फाडा. फाडा म्हणजे तुम्ही नको, त्यांच्याच हाताने फाडायला लावा. नामिबिया म्हणजे पावणेतीन महाराष्ट्र. आणि त्यात राहणारी माणसं तीस लाख, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. फिश रिव्हर दक्षिणेच्या टोकाला, एपुपा उत्तरेच्या. यांची फेरी सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटरची होते, त्यातली मोठी मजल खडीवर. फोनवरचा नकाशा वेळ दाखवतो ती फार आशेने दाखवतो. खडीवर ताशी सरासरी साठ धरा. मग दिवसाचे पाच-सहा तास नुसते स्टिअरिंगवर, आणि संध्याकाळ व्हायला आली की मुक्कामाला पोचण्यासाठी पाय आपोआप दाबला जातो. शहामृगं आपल्याला भेटतात ती अशा वेळी.

मेमध्ये तिथे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि मग अंधार पडायला वेळ लागत नाही. रस्त्यावर दिवे नाहीत, कुडू नावाचं घोड्याएवढं हरीण कुंपणावरून थेट बोनेटवर उडी घेऊ शकतं. बहुतेक करारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवायला बंदीच असते. म्हणून साडेचारला मुक्कामी, हा नियम घाला. तंबू उघडणं, स्वयंपाक, हे सगळं उजेडात.

माझा बेत घ्या. पहिली रात्र विंडहूक. विमानतळ गावापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, लांबचा विमानप्रवास करून त्याच दिवशी खडीवर जायचं नाही. मग सेसरीमला तीन रात्री, समुद्रकाठी स्वाकोपमुंडला दोन, श्पित्सकोपेच्या गुलाबी कातळांखाली एक, एटोशात तीन, आणि शेवटची परत विंडहूक. अकरा रात्री, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. फिश रिव्हर आणि एपुपा जात नाहीत कुठे. फिश रिव्हर हवीच असेल तर एटोशा सोडा. एक टोक धरा.

सेसरीमला तीन रात्री का, तर तिथे दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं. आतलं फाटक त्याआधी एक तास उघडतं, पण ते फक्त आत मुक्काम करणाऱ्यांसाठी. आतल्या सरकारी कॅम्पमध्ये जागा मिळाली तर तुम्ही अंधारात निघून पहिल्या उजेडात वाळूच्या डोंगरापाशी असता. एक बाजू केशरी, दुसरी काळी, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. बाहेर राहणारे पोचतात तेव्हा ऊन वर आलेलं असतं. म्हणून तारखा आधी ठरवून मग कॅम्प शोधू नका. आतल्या कॅम्पच्या मिळतील त्या तारखा घ्या आणि विमान त्यावर बसवा.

त्या पाच किलोमीटर वाळूच्या आधी वाहनतळावर थांबाल, तेव्हा मुलाला खाली उतरवा. व्हॉल्वचं टोपण काढायचं आणि ते खिशात टाकायचं, बोनेटवर ठेवायचं नाही, तिथून हमखास हरवतं. किल्लीच्या टोकाने मधली पिन दाबायची. फुस्स करत गार हवा बोटांवर येते. थोड्या थोड्या वेळाने गेज लावून बघायचं. एकेका चाकाला दीड-दोन मिनिटं लागतात. १.२ ला आलं की टायर जमिनीला टेकतो तिथे त्याला पोट सुटल्यासारखं दिसतं. ते पोट बघून मिस्टर घाबरतील, घाबरू देत. परत येताना त्याच जागी कॉम्प्रेसर लावून हवा भरायची, मगच डांबरावर. एवढ्या कमी हवेने डांबरावर जोरात गेलात तर टायर तापून फाटतो. म्हणजे गाडीसोबत कॉम्प्रेसर आणि गेज आहे की नाही, हा बुकिंगच्या वेळचा पहिला प्रश्न.

वाळू पार करून पोचलात की तिथून डेडफ्लेला चालत जा. पांढऱ्या भेगाळलेल्या मातीच्या तळात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली बाभळीच्या जातीची झाडं उभी आहेत. कुजायला लागणारं पाणीच नाही, म्हणून कुजली नाहीत, उन्हाने काळी पडली. सकाळी लवकर, टोपी आणि पाणी घेऊन. परतायला उशीर झाला की वाळू पाय भाजते.

एक गोष्ट मिस्टरांना दुखेल. 'ऑफरोड' म्हणजे डोंगरावर गाडी चढवायची असं त्यांच्या डोक्यात असेल, तर राष्ट्रीय उद्यानात आखलेली वाट सोडायला मनाई आहे. स्वाकोपमुंडच्या आसपासच्या माळावर जमिनीला चिकटून शेवाळासारखं दगडफूल वाढतं, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतं. त्यावरून गेलेल्या एका गाडीचे वण कित्येक दशकं दिसत राहतात. वाळूचे कडे चढायचेच असतील तर स्वाकोपमुंड-वॉल्विस बे भागात परवानाधारक वाटाड्यांच्या गाड्या मिळतात, त्यांच्या गाडीत बसून जायचं. सँडविच हार्बरला तर स्वतःच्या भाड्याच्या गाडीने अजिबात नाही. एका अंगाला वाळूचा डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि भरती आली की मधली वाट जाते. बहुतेक करारांत ती जागा नाव घेऊन वर्ज्य केलेली असते.

'फुल' इन्शुरन्सबद्दल. हा शब्द दुकानदाराचा आहे, कराराचा नाही. करार आधी मागवा आणि 'यात काय धरलेलं नाही' तो परिच्छेद मोठ्याने वाचा. तिथे साधारण हे सापडेल: दुसरी गाडी नसताना आपली आपण उलटली तर, गाडीच्या पोटाला मार बसला तर, क्लच जळाला तर, पाण्यात घातली तर, सूर्यास्तानंतर चालवली तर. टायर आणि काच यांचं संरक्षण वेगळं विकतात. ते घ्या. खडीवर समोरून येणाऱ्या गाडीचा दगड काचेवर बसतोच, आणि खवल्याएवढी चीर संध्याकाळपर्यंत वीतभर होते. डिपॉझिट मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड बहुधा चालत नाही. कार्डाचा परदेशी वापर सुरू आहे का आणि मर्यादा पुरते का, ते नाशिकमध्ये असतानाच बघा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा. दोघांचा.

हो, दोघांचा. "तू नुसती बस" हे मला सगळ्यात जास्त खटकलं. ५३ वर्षांचा माणूस एकटा बारा दिवस खडीवर गाडी चालवणार, आणि त्याला ताप आला किंवा पाठ धरली तर? दुसऱ्या चालकाचं नाव करारावर असलंच पाहिजे, नाव नसताना चालवली तर इन्शुरन्स शून्य. निघण्याआधी दोन-तीन रविवार थार तुम्ही चालवा. मिस्टरांना शेजारी बसवून एखादा फोटो काढायला सांगा हवं तर. तुम्ही वॅगन आर चालवता म्हणजे हळू चालवायची सवय आहे, खडीवर तीच लागते. सेसरीम ते वाहनतळ हे साठ किलोमीटर डांबर तुमच्याकडे ठेवा.

गाडी ताब्यात घेताना घाई करायची नाही, मागे गिऱ्हाईक उभं असलं तरी. दीड तास द्या. तंबू तिथल्या आवारात उघडून, घडी करून बघा. जॅक कुठे आहे, पाना नटाला बसतो का, हे त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. दोन स्टेपन्या मागा, आणि दोन्ही खाली झोपून सगळीकडून बघा. दुसऱ्या खेपेला माझ्या एका स्टेपनीच्या बाजूला, मातीखाली झाकलेला बोटभर काप होता. चाक बदलायच्या वेळी, भर दुपारी कळलं. देणाऱ्याने धुतली नव्हती, मी विचारलं नव्हतं. गाडीचा चारही बाजूंनी, टपाचा आणि काचेचा व्हिडिओ काढून ठेवा.

बाकी थोडक्यात. पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. टपावर तंबू घेऊन टोयोटा हायलक्ससारखी गाडी लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते असं धरा. माणशी रोज पाच लिटर पाणी, आणि ते एका मोठ्या कॅनमध्ये नको, चार-पाच वेगवेगळ्या बाटल्यांत. बऱ्याच टप्प्यांवर फोनला रेंज नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो तो घ्या. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, सावलीला बसून राहायचं. रात्री थंडी असते, 'आफ्रिका म्हणजे उकाडा' म्हणून स्वेटर घरी ठेवाल तर टपावर कुडकुडाल. स्वाकोपमुंडला धुकं आणि गार वारा असतो, तिथल्या मिठाच्या रस्त्यांवर धुक्याची ओल बसली की साबण लावल्यासारखे होतात. वाटेत सॉलिटेअरला पेट्रोल पंप, जुन्या गंजक्या मोटारी आणि ॲपल पाय आहे. तिथून थोडं पुढे मकरवृत्ताची पाटी लागते, मुलाचा फोटो तिथे काढा.

तुमचा,
दादा

ता. क. प्लगसाठी महागडा ॲडॅप्टर घेऊ नका. तिथे जाड गोल तीन पिनांचं सॉकेट असतं, आपल्या गीझरला लागतो तसं. घरातला जुना १५ ॲम्पियरचा प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड बॅगेत टाका.